गरिबीचा हिशेब

दादाभाई नौरोजी यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. मातोश्री माणेकबाई यांनी मोठ्या कष्टाने त्यांना वाढविले. मुंबईत विनामूल्य शिक्षण मिळाले, म्हणूनच त्यांना शिकता आले. लोकांच्या पैशाने झालेल्या या शिक्षणाचे ऋण लोकसेवेने फेडावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. पुढे ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५५ साली व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले.

इंग्रजी अमलात हिंदुस्थान संपन्न होत आहे, असे राज्यकर्ते सांगत. दादाभाईंना ते पटेना. परंतु नुसत्या तक्रारीने काय होणार? त्यांनी सरकारचेच अहवाल हाती घेतले. प्रत्येक प्रांतात किती एकर जमीन पिकते, एकरी उत्पन्न किती, धान्याचा भाव काय, हे सारे त्यांनी मांडले. बियाणे वजा केले. मीठ, कोळसा, कारागिरी यांची भर घातली.

त्या अहवालांत त्यांना एक चूकही आढळली. मुलांनो, समजा, अड्याळच्या एका शेतकऱ्यास नऊ एकरांत एकरी १० पोती आणि उरलेल्या एका एकरात ४ पोती धान झाले. त्याची एकरी सरासरी ७ पोती म्हणावी काय? नाही. एकूण पोती ९४, एकर १०. म्हणून सरासरी ९.४ पोती. सरकारी कारकुनांनी मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतील लागवडीचे क्षेत्र न पाहताच सरासरी काढली होती. भंडारा जिल्हा ज्यात होता, त्या मध्य प्रांताचे आकडेही दादाभाईंनी असेच पारखून घेतले.

हा हिशेब १८६७ ते १८७० या सुमाराचा होता. १७ कोटी लोकांचे वार्षिक उत्पन्न ३४० कोटी रुपये, म्हणजे माणशी अवघे २० रुपये! तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रासही याहून अधिक खर्च येत असे. देशाचे धन दरवर्षी इंग्लंडला वाहून जाते, हे या दारिद्र्याचे मोठे कारण त्यांनी दाखविले. १८७६ साली त्यांनी हा निबंध मुंबईत वाचला. १८९२ साली ते ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले आणि तेथेही त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडली.

३० जून १९१७ रोजी दादाभाई निवर्तले. शिक्षक, वैद्य, गाडीवान यांच्या सेवेचे मोल त्यांनी हिशेबात धरले नव्हते. पुढील अभ्यासकांनी ती उणीव भरून काढली. स्वतंत्र भारताने १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. तीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. परंतु देशाचे उत्पन्न मोजण्याची वाट प्रथम दाखविली ती दादाभाईंनी. गरिबांच्या पैशावर शिकलेल्या या गणितज्ञाने आपले गणित गरिबांच्याच कामी लावले.