संतापलेल्या जमावापुढे उभा राहणारा नेता

आपल्याकडे नेते उदंड झाले. माईक दिसला की पेटणारे आणि पेटवणारेही. पण पेटलेल्या आपल्याच माणसांना थोपवून धरायला वेगळी छाती लागते. ती बाबासाहेबांकडे वयाच्या पस्तिशीतच होती.

२० मार्च १९२७. मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव होऊन चार वर्षे होत आली होती, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्यालाही तीन. तरी पाण्याला हात लावायची सोय नव्हती. त्या दिवशी बाबासाहेब मिरवणुकीने गेले, चवदार तळ्याचे पाणी प्याले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्याकाठ्या घेऊन सनातनी मंडपावर तुटून पडले. जेवत्या माणसांना मारले, अन्न मातीत मिसळले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

आपल्या लोकांत लष्करातून निवृत्त झालेले गडी होते. बाबासाहेबांनी नुसती मान हलवली असती तरी महाडमध्ये रक्ताचा सडा पडला असता. आणि मग खटला कोणावर चालला असता, हे सांगायला नको! त्यांनी माणसे आवरली, जखमींची व्यवस्था पाहिली, कायद्याचा मार्ग धरला. जूनमध्ये पाच हल्लेखोरांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

खरी कसोटी पुढेच होती. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. डिसेंबरात बाबासाहेबांनी सत्याग्रह परिषद बोलावली, तर तळे खाजगी मालकीचे असल्याचे सांगून सनातन्यांनी दिवाणी कोर्टाचा मनाईहुकूम आणला. परिषदेला हजारो लोक जमले होते, तुरुंगात जायच्या तयारीने. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झालेले, वातावरण तापलेले. अशा वेळी २७ तारखेला सत्याग्रह तहकूब करायचा निर्णय बाबासाहेबांनी लोकांच्या गळी उतरवला. हिशेब साफ होता. लढाई सनातन्यांशी होती; हुकूम मोडला असता तर सरकारही अंगावर आले असते. लोक हिरमुसले. टाळ्यांवर जगणाऱ्या पुढाऱ्याला हे जमले नसते. पाण्याला न शिवता तळ्याभोवती मिरवणूक निघाली आणि लोक घरी परतले.

पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. अस्पृश्यांना मनाई करण्याची रूढी अनादि काळापासून असल्याचे सनातन्यांना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.