कविवत्सल राजा हाल सातवाहन

प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी. नाशिक व कार्ले येथील लेण्यांतील भिक्षुसंघास या घराण्याने भूमिदाने दिली. पुराणांतील वंशावळीत हाल हा सतरावा राजा असून त्याचा राज्यकाळ अवघा ५ वर्षांचा सांगितला आहे. इतिहासकार त्याला सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकात ठेवतात. त्याचे नाव उरले ते दिग्विजयाने नव्हे, ‘गाथा सप्तशती’ने.

एक कोटी गाथांतून हालाने ७०० निवडल्या, अशी नोंद ग्रंथातच आहे. पुढे त्यात भर पडत गेली, असे अभ्यासक मानतात. राजा असूनही त्याने संस्कृतऐवजी महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे मराठीची पूर्वज, स्वीकारली. गोदाकाठ, नांगर धरणारा शेतकरी, आंब्याचा मोहोर, वाट पाहणारी स्त्री हे या काव्याचे विश्व. बोलायचे एक आणि सुचवायचे दुसरे, ही त्याची रीत. म्हणूनच नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनिसिद्धान्त मांडताना प्राकृत गाथांचे दाखले घेतले.

वसंताची एक गाथा आम्हांस विशेष जवळची वाटते. पोपटाच्या चोचीसारखी पळसफुले भुईवर पडली आहेत. कवीला त्यांत बुद्धचरणी वंदनासाठी लवलेला भिक्षुसंघ दिसतो. चीवराचा उल्लेखही नाही, तरी त्याचा रंग डोळ्यांपुढे उभा राहतो. फाल्गुनात किनवटच्या रानापासून लातूरच्या माळापर्यंत तोच पळस फुलतो. आपल्या बोलीचा संकोच बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही ही गाथा आवर्जून शिकवतो. त्यांच्या भाषेच्या मुळाशीच तथागतांना केलेले वंदन आहे, हे त्यांनी जाणावे.