अकराव्या वर्षी शाळा सुटली, पण शिक्षण नाही: डॉ. रखमाबाईंची गोष्ट

घरची जबाबदारी होती म्हणून शाळा सुटली. लग्न ठरलं म्हणून कॉलेज राहिलं. आपल्या आई-मावशीकडून हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. नशिबात नव्हतं, असं म्हणून विषय तिथेच संपतो. पण 1885 साली मुंबईतल्या एका तरुणीने याला नशीब म्हणायला नकार दिला. तिचं नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 चा. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाई अगदी कोवळ्या वयात विधवा झाल्या होत्या. त्यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं आणि शाळा बंद झाली. त्या माहेरीच राहिल्या. मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून घरीच वाचत राहिल्या. पुढे दादाजींनी नांदायला बोलावलं, तेव्हा त्यांनी नकार दिला. लग्न झालं तेव्हा आपल्याला काही कळत नव्हतं, संमती द्यायचं ते वयच नव्हतं, हा त्यांचा मुद्दा होता.

प्रकरण कोर्टात गेलं

1884 मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा ठोकला. हा खटला चालू असतानाच 1885 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने पत्रं छापून आली. ती रखमाबाईंचीच होती.

या पत्रात त्यांनी शाळा सुटण्याचं गणितच मांडलं. मुलीचं लग्न आठव्या वर्षाच्या आसपास होतं. आईवडील तिला दहाव्या वर्षापर्यंत शाळेत पाठवू शकतात. त्यापुढे शिकायचं तर सासूची परवानगी हवी. मुंबईसारख्या शहरातही अशी परवानगी देणाऱ्या सासवा किती, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे शिक्षणाची गोडी लागायला सुरुवात होते, नेमकं तेव्हाच मुलीला शाळेतून काढलं जातं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. स्वतःची शाळा का सुटली हे सांगताना त्यांनी एकट्या नवऱ्याला किंवा घरच्यांना दोष दिला नाही. त्यांनी बोट ठेवलं ते बालविवाहाच्या रूढीवर. आपलं दुःख त्यांनी सगळ्या मुलींचा प्रश्न म्हणून मांडलं.

सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पण अपिलानंतर चित्र पालटलं. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

देशभर वाद पेटला. टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर टीका केली. त्यांच्या वागण्याचा दोष इंग्रजी शिक्षणाला दिला गेला. शेवटी 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजींनी 2,000 रुपये घेऊन दावा सोडला. तुरुंग टळला.

पुन्हा वर्गात

मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन दिलं. पैसे उभे राहिले आणि 1889 मध्ये रखमाबाई लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. शाळा सुटून तोवर जवळपास तेरा वर्षं झाली होती!

1894 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. भारतात परतून त्यांनी सुरत आणि नंतर राजकोट इथे स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केलं. प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते.

मग बदललं काय?

या खटल्याने मुलींच्या लग्नाच्या वयाची चर्चा घराघरांत नेली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यामागच्या वादात या प्रकरणाचा मोठा वाटा होता. त्या कायद्याने संमतीचं वय 10 वरून 12 वर नेलं. आज हा आकडा वाचतानाही अंगावर काटा येतो, पण तेवढ्यासाठीसुद्धा तेव्हा रान उठलं होतं.

25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या नव्वदीत रखमाबाईंचं निधन झालं. त्यामुळे यापुढे घरात कुणी शाळा राहून गेल्याचं सांगितलं, तर नशिबावर विषय सोडू नका. ती कुणी थांबवली आणि आता पुन्हा सुरू करता येईल का, हेही विचारा.