एमआरआय सारखा, आजार वेगळा: डॉ. विल्सन यांचे आयुष्य काय शिकवते?

घरातल्या तरुण मुलाचा हात थरथरतो, अक्षर बिघडते, जीभ अडखळते. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मेंदूच्या खोल भागात दोन्ही बाजूंना बदल असल्याचे आणि खाली तीन-चार आजारांची नावे लिहिलेली असतात. असे बदल मेंदूज्वर, ऑक्सिजन कमी पडणे, काही आनुवंशिक आजार अशा अनेक कारणांनी दिसतात. त्या यादीत ‘विल्सन डिसीज’ असेल, तर तिकडे दुर्लक्ष करू नका.

डॉ. सॅम्युएल अलेक्झांडर किनियर विल्सन यांचा जन्म १८७८ मध्ये अमेरिकेत झाला. वडील लवकर वारले आणि कुटुंब स्कॉटलंडमध्ये आले. एडिंबरोत वैद्यकीय शिक्षण घेऊन ते लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील मेंदूविकारांच्या रुग्णालयात काम करू लागले. तेव्हा स्कॅन नव्हते. थरथर, ताठरलेले अंग, गिळायला-बोलायला त्रास असलेले तरुण रुग्ण त्यांनी बारकाईने तपासले, भावंडांचीही माहिती घेतली. मृत्यूनंतरच्या तपासणीत मेंदूच्या खोल भागाबरोबर यकृतही खराब झालेले आढळले. १९१२ मध्ये त्यांनी हा वेगळा आजार असल्याचे मांडले.

एक खूण मात्र त्यांच्याही नजरेतून सुटली: बुबुळाच्या कडेचे हिरवट-तपकिरी वलय. १९०२ मध्ये जर्मन डॉक्टर कायझर यांनी ते नोंदवले होते, पण त्या रुग्णाला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे समजले गेले होते. विल्सन १९३७ मध्ये वारले. शरीरात साठणारे तांबे हे या आजाराचे मूळ असल्याचे त्यानंतर स्पष्ट झाले आणि १९५६ मध्ये पेनिसिलामाइन हे तोंडाने घ्यायचे औषध आले. पुढे १९६० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. दराब दस्तूर यांनी भारतीय कुटुंबांतील या आजाराचा अभ्यास केला.

तुम्ही काय कराल?

• डॉक्टरांना विचारून नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पवर डोळे तपासून घ्या.
• रक्तातील सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतील तांबे आणि यकृताच्या तपासण्या लागतात. कधी जनुकीय तपासणीही करावी लागते.
• पूर्वी झालेली कावीळ, वागण्यातला बदल, भावंडांचे आजार आणि आई-वडिलांचे नात्यातले लग्न हे आवर्जून सांगा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होते, त्यात संकोच नको.
• निदान झाले, तर लक्षणे नसलेल्या भावंडांचीही तपासणी करा. प्रत्येक सख्ख्या भावंडाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते.

उपचार वेळेत सुरू झाले, तर अनेक रुग्ण शिक्षण, नोकरी, संसार नीट करतात. पण औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून ती स्वतःहून बंद करणे जिवावर बेतू शकते. ठाण्या-कल्याणमध्ये एमआरआय आता सहज होतो, पण निदानासाठी फक्त फिल्म नव्हे, रुग्णालाही सोबत घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा.