विल्यम सीली गॉसेट

विल्यम सीली गॉसेट (१३ जून १८७६ – १६ ऑक्टोबर १९३७) हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ, ब्रूअर (बिअरनिर्मितीतील तज्ज्ञ) व संख्याशास्त्रज्ञ होते. गिनेस या कंपनीच्या बिअर कारखान्यांत त्यांनी ३८ वर्षे नोकरी केली. त्यांचे संशोधन 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. महाविद्यालयीन अभ्यासक्रमातील 'स्टुडंटची टी-कसोटी' हे नाव त्यावरूनच रूढ झाले आहे. मोजक्या नमुन्यांवरून काढलेल्या निष्कर्षावर किती विश्वास ठेवावा, या व्यवहारातील प्रश्नाला त्यांनी गणिती उत्तर दिले.

प्रारंभिक जीवन

गॉसेट यांचा जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यातील कँटरबरी येथे झाला. त्यांचे वडील लष्कराच्या अभियंता दलात कर्नल होते. त्याच दलात जाण्याची गॉसेट यांची इच्छा होती. परंतु दृष्टी अधू असल्याने ती पूर्ण झाली नाही. विंचेस्टर येथील शालेय शिक्षणानंतर ते ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात दाखल झाले. तेथे १८९७ मध्ये गणिताच्या व १८९९ मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांना प्रथम श्रेणी मिळाली.

गिनेसमधील नोकरी

१८९९ मध्ये गॉसेट डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट येथील गिनेसच्या कारखान्यात रुजू झाले. आर्थर गिनेस यांनी १७५९ मध्ये वार्षिक ४५ पौंड भाड्याने व ९००० वर्षांच्या कराराने घेतलेल्या जागेवर हा कारखाना उभा राहिला होता. गॉसेट यांच्या काळात तो जगातील सर्वांत मोठ्या बिअर कारखान्यांपैकी एक होता. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विज्ञान पदवीधरांना ब्रूअर म्हणून नेमण्याचे धोरण कंपनीने स्वीकारले होते.

बिअर हे मुख्यतः चार घटकांपासून तयार होणारे पेय आहे. बार्लीला (सातूला) मोड आणून ती भट्टीत वाळवली की माल्ट तयार होते. माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातील साखर उतरवतात, हॉप या वेलीची फुले घालून तो रस उकळतात आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळून किण्वन होऊ देतात. बार्लीचे पीक दरवर्षी सारखे येत नाही, हॉपमधील राळेचे प्रमाण बदलते आणि यीस्ट हा तर सजीवच आहे. पूर्वी या घटकांची पारख अनुभवी ब्रूअर डोळ्यांनी, नाकाने व जिभेने करत. उत्पादन वाढले तसे या पारखीला मोजमापाची जोड देणे आवश्यक झाले.

अल्प नमुन्यांचा प्रश्न

प्रत्येक मोजमापाला वेळ व पैसा लागत असल्याने एका मालाच्या दोन-चार चाचण्याच घेता येत. नाशिकच्या पंचवटीतील बाजार समितीत व्यापारी कॅरेटमधील वरचे चार-सहा नग पाहून सगळ्या मालाची बोली लावतो, त्याच स्वरूपाची ही अडचण होती. चार नग चांगले निघाले म्हणजे सारा माल चांगला आहे, असे किती खात्रीने म्हणावे? त्या काळातील संख्याशास्त्र शेकडो निरीक्षणे गृहीत धरत असे. मोजक्या निरीक्षणांसाठी त्यात भरवशाची रीत नव्हती.

१९०४ मध्ये गॉसेट यांनी त्रुटींच्या नियमाचा कारखान्यातील कामासाठी उपयोग या विषयावर कंपनीला अंतर्गत अहवाल सादर केला. माल्टमधून उतरणाऱ्या साखरेचे माप खऱ्या मूल्याच्या अर्ध्या अंशाच्या आत असावे आणि तसे असण्याची शक्यता नसण्याच्या दहापट असावी, अशी अपेक्षा होती. दोन चाचण्यांच्या सरासरीने ही शक्यता सुमारे चौपट, तर चार चाचण्यांच्या सरासरीने सुमारे बारापट होते, असे त्यांना आढळले. त्यामुळे किमान चार चाचण्या घ्याव्यात, हा निष्कर्ष निघाला. किती चाचण्या पुरेशा, याचे उत्तर त्यांनी खर्च व अपेक्षित अचूकता यांची सांगड घालून दिले.

कार्ल पिअर्सन यांच्याकडे अभ्यास

१९०५ मध्ये गॉसेट यांनी प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांची भेट घेतली. १९०६-०७ या काळात कंपनीने त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत अभ्यासासाठी पाठवले. १९०६ मध्येच मार्जरी सर्टीस फिलपॉट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व दोन मुली झाल्या.

१९०७ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशी मोजताना होणारी त्रुटी हा होता. रसात यीस्ट कमी पडले तर किण्वन अपुरे राहते व जास्त झाले तर चव बिघडते. त्यामुळे ही मोजणी महत्त्वाची असते. ४०० सूक्ष्म चौकटींतील पेशींची मोजणी प्वासाँ वितरणाशी जुळते, असे त्यांनी दाखवले.

१९०८ चा शोधनिबंध

मार्च १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात सरासरीच्या संभाव्य त्रुटीवरील त्यांचा सर्वांत प्रसिद्ध निबंध छापून आला. नमुना लहान असला की त्यावरून काढलेले प्रमाण विचलनही भरवशाचे नसते. म्हणून नेहमीचा प्रसामान्य वक्र वापरल्यास निष्कर्षाविषयी फाजील खात्री वाटते, हे त्यांनी ओळखले. लहान नमुन्यासाठी लागणारा, दोन्ही टोकांना अधिक पसरलेला वक्र त्यांनी शोधून काढला व त्याची कोष्टके दिली.

हे गणित पडताळण्यासाठी त्यांनी ३००० गुन्हेगारांच्या उंचीची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीची प्रसिद्ध झालेली मापे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे चांगले मिसळले आणि चार-चारांचे ७५० नमुने तयार केले. त्यांतून मिळालेली वितरणे सूत्राशी बऱ्याच अंशी जुळली. संगणकाच्या कितीतरी आधी हाताने केलेला हा यादृच्छिक नमुन्यांचा प्रयोग संख्याशास्त्राच्या इतिहासात उल्लेखनीय मानला जातो.

व्यवसायातील माहिती स्पर्धकांच्या हाती जाऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन प्रसिद्ध करण्यास गिनेसची मनाई होती. त्यामुळे गॉसेट यांनी 'स्टुडंट' हे टोपणनाव घेतले. परिणामी त्यांची पद्धत जगभर पोहोचली, तरी तिच्यामागील ब्रूअरचे नाव बहुतांश वाचकांना अनेक वर्षे अपरिचित राहिले.

रोनाल्ड फिशर यांच्याशी संबंध

पिअर्सन यांना मोठ्या नमुन्यांतच रस असल्याने या शोधाकडे आरंभी फारसे लक्ष गेले नाही. त्याचे महत्त्व तरुण रोनाल्ड फिशर यांनी जाणले. १९१२ मध्ये त्यांनी गॉसेट यांना काटेकोर सिद्धता लिहून पाठवली. पुढे फिशर यांनी स्वातंत्र्यमात्रा ही संकल्पना जोडून या मापाला 'टी' हे आजचे रूप दिले आणि १९२५ च्या आपल्या ग्रंथाद्वारे ते संशोधकांपर्यंत पोहोचवले. पिअर्सन व फिशर यांच्यात तीव्र वैर होते. गॉसेट यांनी मात्र दोघांशीही स्नेह टिकवला.

शेतीविषयक प्रयोग व दूध प्रयोगाची चिकित्सा

चांगल्या बिअरसाठी चांगली बार्ली हवी, म्हणून गॉसेट यांनी आयर्लंडमधील बार्लीच्या वाणांच्या चाचण्यांतही भाग घेतला. एकाच वर्षी एकाच शेतात उत्तम ठरलेला वाण इतरत्रही उत्तम ठरेल असे नाही. म्हणून अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत चाचण्या घ्याव्यात, यावर त्यांचा भर होता. शेतातील वाफे यादृच्छिक पद्धतीने मांडावेत, असे फिशर यांचे मत होते. जमिनीचा कस एका बाजूने बदलत असल्यास समतोल मांडणी अधिक उपयुक्त ठरते, असे गॉसेट यांचे म्हणणे होते. हा मतभेद अखेरपर्यंत कायम राहिला.

१९३० मध्ये स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर येथे सुमारे २०,००० शाळकरी मुलांवर दुधाच्या परिणामाचा प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्या मुलांना रोज दूध देण्यात आले. गट समतोल वाटत नसल्यास मुलांची अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. कुपोषित मुलांविषयीच्या कणवेमुळे शिक्षकांनी अशी मुले दूध मिळणाऱ्या गटात अधिक घातली असावीत आणि त्यामुळे तुलनाच सदोष झाली, असे गॉसेट यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या, तर कमी खर्चात अधिक विश्वसनीय उत्तर मिळाले असते, असे त्यांनी सुचवले. संख्या मोठी असली म्हणजे प्रयोग चांगला असतोच असे नाही, याचे हे उदाहरण आजही दिले जाते.

अखेरची वर्षे

१९३५ मध्ये गॉसेट लंडनजवळील पार्क रॉयल येथील गिनेसच्या नव्या कारखान्यासाठी डब्लिनहून स्थलांतरित झाले. १९३७ मध्ये ते कंपनीचे मुख्य ब्रूअर झाले; परंतु त्यानंतर लवकरच, १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. समतोल मांडणीविषयीचा त्यांचा निबंध मरणोत्तर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. बागकाम, सुतारकाम, नौकाबांधणी व मासेमारी हे त्यांचे छंद होते.

वारसा

गॉसेट यांच्या पद्धती आज औषधशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षण व शेती अशा अनेक क्षेत्रांत वापरल्या जातात. भारतात वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाने कृषी संशोधकांना या पद्धतींची ओळख करून दिली. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेल्या सुखात्मे यांचे संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातच झाले होते.

बिअरच्या चवीच्या परीक्षणातही अल्प नमुन्यांचा प्रश्न कायम आहे. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या परीक्षक प्रमाणन कार्यक्रमाच्या पद्धतीनुसार, स्पर्धेतील घरगुती बिअरला ५० पैकी गुण दिले जातात: सुवासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ व एकूण प्रभावाला १०. कृतीत केलेला बदल चवीत खरोखर उतरला का, हे पाहण्यासाठी त्रिकोण चाचणी वापरतात. तिच्यात तीन पेल्यांपैकी दोघांत एकच बिअर व तिसऱ्यात वेगळी असते आणि वेगळा पेला ओळखायचा असतो. बारा जणांपैकी सरासरी चार जण तर नुसत्या अंदाजानेच बरोबर ठरतात. त्यामुळे फरक खरा मानण्यास, ५ टक्क्यांच्या प्रचलित निकषानुसार, किमान आठ अचूक उत्तरे लागतात. हे गणित टी-कसोटीहून वेगळे असले, तरी त्यामागील प्रश्न गॉसेट यांचाच आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्यनिर्मितीस १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये मनाई आहे. मात्र चहा, द्राक्षे, आंबे अशा ज्या मालाची पारख चवीवर होते, त्या सर्वांच्या परीक्षणास हाच विचार लागू पडतो.