सुटकेनंतरची शिक्षा

शिक्षेची मुदत न्यायालय ठरविते; परंतु ती खऱ्या अर्थाने संपते केव्हा, हे समाज ठरवितो. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला काम, निवारा आणि विश्वास या तिन्ही गोष्टी नाकारल्या गेल्या, तर अल्प मुदतीची शिक्षाही जन्मठेप होऊन बसते. धर्मसंस्थेचे खरे काम या ठिकाणी सुरू होते, हे ज्यांनी ओळखले त्यांत एलिझाबेथ फ्राय यांचे नाव अग्रभागी आहे.

इंग्लंडमधील नॉरिच येथे १७८० साली गर्नी या सधन क्वेकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. माहेर पेढीवाल्यांचे, आणि १८०० साली ज्यांच्याशी विवाह झाला ते जोसेफ फ्राय यांचे घराणेही व्यापारी. अकरा मुलांचा संसार त्यांनी सांभाळला. क्वेकर पंथाने स्त्रियांना उपदेशाचा अधिकार दिला होता. १८११ मध्ये एलिझाबेथ यांना पंथाच्या उपदेशक म्हणून मान्यता मिळाली.

१८१३ मध्ये त्या लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेल्या. सुमारे ३०० स्त्रिया आपल्या मुलांसह तेथे अपुऱ्या जागेत, अंथरुणपांघरुणावाचून कोंबलेल्या होत्या. १८१७ मध्ये त्यांनी इतर स्त्रियांच्या साहाय्याने एक मंडळ स्थापन केले. मुलांसाठी शाळा निघाली, शिवणकाम सुरू झाले. विशेष म्हणजे, शिस्तीचे नियम कैदी स्त्रियांपुढे मांडून त्यांची संमती घेण्यात आली. ज्यांचे मत कोणी कधी विचारले नव्हते, त्यांना ते विचारणे हीच सुधारणेची पहिली पायरी होती. १८१८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली.

तथापि तुरुंगातील सुधारणा सुटकेच्या दिवशी निरुपयोगी ठरू शकते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ऑस्ट्रेलियात हद्दपार होणाऱ्या स्त्रियांना त्यांचे मंडळ सुई, दोरा व कापडाचे तुकडे देत असे. उद्देश हा, की लांबच्या प्रवासात हाताला काम मिळावे आणि परक्या भूमीवर उतरताना एखादे कसब बरोबर असावे. १८४१ मध्ये ‘राजा’ नावाच्या जहाजावर स्त्रियांनी शिवलेली गोधडी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आजही जतन केलेली आहे. लंडनमध्ये सुटून आलेल्या स्त्रियांसाठी १८२० नंतरच्या दशकात वेस्टमिन्स्टर भागात एक लहानसे आश्रयगृह निघाले, त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती.

आणि मग १८२८ मध्ये जोसेफ फ्राय यांची पेढी बुडाली. दुसऱ्याचा पैसा बुडणे हा पंथाच्या दृष्टीने नैतिक अपराध. क्वेकर सभेने जोसेफ यांना पंथाबाहेर काढले. मोठे घर सोडावे लागले आणि एलिझाबेथ यांच्या कार्याकडेही लोक संशयाने पाहू लागले. चोरी करणाऱ्या स्त्रियांना जवळ करा, असा उपदेश त्या ज्या समाजाला करीत होत्या, त्याच समाजाने त्यांच्या पतीला दूर लोटावे, यातील विसंगती लहान नव्हे. माहेरच्या मंडळींनी हात दिला म्हणून कुटुंब सावरले. न्यूगेटमधून सुटणाऱ्या स्त्रीला मात्र असे माहेर नव्हते.

१८४५ मध्ये एलिझाबेथ फ्राय निवर्तल्या. त्यांचे स्मारक म्हणून पुतळा न उभारता आश्रयगृह काढावे असे ठरले आणि १८४९ मध्ये हॅकनी येथे सुटलेल्या स्त्रियांसाठी ते उघडले. पुढे २००२ ते २०१७ या काळात बँक ऑफ इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. ज्या घराची पेढी बुडाली, त्या घरातील स्त्रीला देशाच्या चलनावर स्थान मिळाले.

अर्थव्यवहारात ज्याची स्वतःची पत नाही, त्याला जामीनदार लागतो. सुटलेल्या कैद्याची गरज हीच असते. कामावर ठेवणारा मालक आणि खोली देणारा घरमालक त्याच्या शब्दावर विसंबत नाहीत. त्यांना ओळखीच्या कोणाचा तरी भरवसा हवा असतो. चर्चजवळ समाजात पत असते. ती केवळ प्रवचनात खर्च करावयाची, की अशा माणसामागे जामीन म्हणून उभी करावयाची, हा प्रश्न आहे. दयेला फारशी जोखीम नसते. जामीन राहणाऱ्याला ती पत्करावी लागते. उपासनेच्या बाकावर शेजारी जागा देणे सोपे, आपल्या दुकानात गल्ल्याजवळ जागा देणे कठीण. एलिझाबेथ फ्राय यांच्या जीवनाने धर्मसंस्थांपुढे ठेवलेली कसोटी ही दुसरी आहे.