फडेप्पा चौगुले

विद्यार्थ्यांनो, बालाघाटचा एखादा चढ धावत चढून पाहा. सपाट मैदानापेक्षा तेथे वेग कमी पडतो, तरी दम लवकर लागतो. कारण शरीराचे वजनही वर न्यावे लागते. थोडे धावणे, थोडी विश्रांती, पुन्हा धावणे, असा नियमित सराव केल्यास हृदय व फुफ्फुसे बळकट होतात.

बेळगावकडील फडेप्पा चौगुले यांच्या काळी आपल्या खेड्यांतील धावपटूंना हे शास्त्र शिकवणारे कोणी नव्हते. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली. त्यांनी पैशांची मदत केली आणि १९२० साली आपले खेळाडू बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेले. त्यांत चौगुले होते.

तेथील मॅरेथॉन सुमारे पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटांत ती पूर्ण करून एकोणिसावे आले. पदक मिळाले नाही. पण आपली माणसे जगाबरोबर धावू शकतात, हे सिद्ध झाले.

पुढे २०२४ साली तुमच्याच आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत धावले. मुलांनो, वाट चढाची असो वा सपाट, सराव सोडू नका.